हातात विळा असलेली अन्नपूर्णा

वामनरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीसमोर वाकून पाहिलं. डाव्या हातात गव्हाची पेंढी, उजव्या हातात विळा, केस मोकळे. तसबिरीच्या खालच्या कडेला लुगड्याचा जरीकाठ चिकटवून लावला होता.

"बाबनराव, ही कोणती देवी?"

"अन्नपूर्णा," बाबनराव म्हणाले आणि लगेच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाई चहा टाकत होत्या.

वामनराव शेतकी कॉलेजातले. कॉलेजच्या एकोणीसशे बहात्तर सालच्या प्रदर्शनासाठी ते गेल्या शतकातली अवजारं आणि त्यांच्या जाहिराती गोळा करत होते. इतवारीतल्या ज्या पेढीवर विलायती लोखंडी नांगर येत, ती कधीच बंद पडली होती. तिथे कामाला असलेल्यांपैकी एकटे बाबनराव उरले होते, म्हणून ते गोळीबार चौकातल्या या घरी आले होते.

"अन्नपूर्णेच्या हातात पळी असते," वामनराव आवाज उतरवून म्हणाले. "हिच्या पायाशी नांगर होता. पूर्ण चित्र मी एका जुन्या कॅटलॉगात पाहिलंय. तीन वर्षं शोधतोय."

बाबनरावांचा चेहरा उतरला.

"अजून हळू बोला साहेब. तिले ठाऊक नाही."

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आदल्या दिवशी, आईनं त्यांना अन्नपूर्णेची तसबीर आणायला पाठवलं. कस्तुरचंद पार्कवर सर्कस आली होती. नवरदेव हत्ती पाहत बसले आणि इकडे बाजार बंद झाला. पेढीच्या गोदामाची किल्ली कमरेला होती. तिथे मालकाच्या आजोबांच्या वेळची एक जाहिरात गुंडाळून पडली होती. ती घरी आणून त्यांनी कात्रीनं नांगर कापला आणि उरलेली बाई काचेत बसवली.

"आणि नांगर?"

"तो तवाच चुलीत गेला असन." बाबनराव तसबिरीकडे पाहत राहिले. "देवीले काठ पाह्यजे म्हणून तिनंच तो लावला. माझं नशीब, कात्रीचं वाकडं काम झाकलं गेलं. मी धंतोलीच्या दवाखान्यात होतो, तं अकरा दिवस हिच्यापुढून उठली नाही. म्हणते, हिनंच तुमाले घरी आणलं. तवापासून मी रोज सकाळी तिच्याजवळ पूजेले बसतो. देवीसाठी नाही, तिच्यासाठी. आता कोणत्या तोंडानं सांगू, का ही नांगर विकणारी बाई हाये?"

त्यांचे डोळे भरून आले होते. सर्कशीतला हत्ती इतकी वर्षं छातीवर बसून होता.

कुसुमावतीबाई चहा घेऊन आल्या. "देवी पाहून राहिले काय? पाहा, पाहा. लय जागृत हाये आमची."

वामनरावांनी कप घेतला. हे चित्र प्रदर्शनात अगदी दारासमोर लावायचं, असं त्यांनी मघाशी मनात ठरवूनही टाकलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि तसबिरीला हात जोडले.

"चेहरा फार प्रसन्न आहे," ते म्हणाले.

बाबनरावांनी मान फिरवून दुपट्ट्यानं डोळे टिपले.

वामनराव चौकापर्यंत पोचले तोच मागून हाक आली. कुसुमावतीबाई भराभर चालत येत होत्या. हातात जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी होती.

"साहेब, प्रसाद घ्याचा राहिला तुमचा."

वामनरावांनी गाठ सोडली. आत चार घड्या घातलेला पिवळा कागद होता. त्यावर लोखंडी नांगर, खाली इंग्रजी अक्षरं, आणि वरची कड कात्रीनं वेडीवाकडी कापलेली.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सापडला," त्या म्हणाल्या. "हा तुमीच न्या आता. पण त्याइले सांगू नका. मले पयलेपासून ठाऊक हाये हे कळलं, तं सकाळी माझ्याजवळ बसाचे नाहीत ते."