मथळ्यात न मावलेला शब्द

यंत्रावर आईची साखर तीनशे चाळीस दिसली, तेव्हा उपसंपादक कुलथेंनी तिची औषधाची डबी उघडून पाहिली. आईने मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या आणि ती शांतपणे मेथीचं पाणी पीत होती.

“अगं आई, तो प्रयोग उंदरांवर झालाय. माणसांना कदाचित उपयोग होईल, एवढंच संशोधक म्हणालेत.”

“मग पेपरात ‘मेथीने मधुमेह पळाला’ कसं छापलंय? मथळा कुणी दिला?”

“मीच. ‘कदाचित’ त्यात मावत नव्हतं.”

“विलास, तू घरात कदाचित म्हणतोस, म्हणजे तुला ठाऊक नाही. पेपरला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी कुलथेंनी पाचव्या पानावर प्रामाणिक खुलासा छापला. त्या पानावर आईने मेथीची जुडी निवडली.

तिसऱ्या दिवशी साखर चारशेला टेकली, तेव्हा त्यांनी संशोधक, उंदीर आणि स्वतःची विवेकबुद्धी या तिघांनाही रजा देऊन पहिल्या पानावर मथळा ठोकला: ‘गोळीविना मेथी घातक, शास्त्रज्ञ ठाम’.

आईने तो दोनदा वाचला आणि मुकाट गोळी गिळली.

“बघ,” ती म्हणाली, “खरं असलं की कसं ठणकावून सांगता येतं.”