हिरवी काच

"रखमाजी, तुम्ही सुटलात!" तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत हायकोर्टातल्या वकिलांनी फाईलवर थाप मारली. "जावयाच्या डोक्यात मागून मुसळ बसलं, त्या जखमेतून डॉक्टरांनी हिरव्या बांगडीचा तुकडा काढला होता. खालच्या कोर्टात ते पान कुणी वाचलंच नाही. मारणारी बाई होती! घरात तेव्हा कोण बाई होती?"

नवऱ्याचा नऊ वर्षांचा मार लेकीने त्या एका घावात फेडला होता आणि रखमाजीने खुनाचा गुन्हा मुकाट अंगावर घेतला होता. अपिलाचा हट्ट तिचाच. आता शेजारी बसलेल्या शेवंताने मनगटं पदराखाली ओढली.

"आबा, सांगू दे मला."

"तू गप बस." तो वकिलांकडे वळला. "सायेब, त्या दिवशी बाजारातून आलो व्हतो. लेकीसाठी बांगड्या घेतल्या व्हत्या. दोऱ्यात ओवून मनगटात अडकवल्या व्हत्या. मारताना फुटल्या."

वकिलांनी हताशपणे फाईल मिटली.

शेवंता त्याच्या मोकळ्या मनगटांकडे बघत राहिली. उभ्या जन्मात आबाने तिला एक बांगडी आणली नव्हती. आज आणल्या, त्याही स्वतःच्याच हातात भरून घेतल्या.