दुसरी फुंक

यंत्रावरचा दिवा लाल झाला.

चालकाने तोंडातली नळी काढली आणि डेपोच्या खिडकीतल्या साहेबांकडे पाहिलं. "साहेब, थेंबही घेतलेला नाही. आईशप्पथ!"

"मागच्या वर्षी पोलिसांनाही हेच सांगितलं होतंस."

साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं. पिऊन स्कूटर चालवताना सापडला होता. दंड, दोन दिवस कोठडी, वर्षभर परवाना निलंबित. ते वर्ष त्याने याच डेपोत बसगाड्या धुण्यात काढलं. आज पहिली फेरी मिळाली होती, तीही लेखी अटीवर: दिवा लाल झाला की नोकरी गेली.

"सकाळपासून पोटात काय गेलंय?" त्याच्या बसच्या कंडक्टरबाईंनी विचारलं.

"चहासुद्धा नाही, ताई. तोंडाला कसलाच वास नको म्हणून आत्ता नळावर त्या निळ्या माउथवॉशने गुळण्या केल्या. चांगल्या दोनदा."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, त्यात अल्कोहोल असतं!"

घ्या! दुधाने तोंड पोळलं म्हणून गडी ताक फुंकायला गेला आणि सगळं अंगावर सांडून बसला.

अशा वेळी नियम असा होता की साध्या पाण्याने चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं. तो बाकड्यावर बसला. समोर त्याची बस प्रवाशांनी भरलेली, खिडक्यांतून डोकी बाहेर. कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर झोपला की काय?" त्याला मात्र बसल्या जागी घाम फुटला होता.

साहेबांनी घड्याळ पाहून नळी बदलली. त्याने जीव एकवटून फुंकलं.

हिरवा. शून्य.

त्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही.

बसकडे जाताना कंडक्टरबाई कुजबुजल्या, "चाक पंक्चर होतं म्हणून सांगते. तू आपला गुपचूप बस जागेवर."

तो चढला तेव्हा सगळ्यांचा पारा चढलेला होता. मधल्या बाकावरच्या आजींनी विचारलंच, "काय रे बाबा, एवढा उशीर?"

बाईंनी तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला. "आजी, गेल्या वर्षी पिऊन गाडी चालवताना पकडलं होतं मला. म्हणून आज दोनदा तपासलं. दुसऱ्यांदा शून्य आलं."

मागचा एकजण पिशवी उचलून उतरून गेला. मग आजीही काठी टेकत उठल्या. चालकाने मान खाली घातली.

त्या हळूहळू पुढे आल्या आणि बरोबर त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसल्या.

"बाकीच्यांना एकदाच तपासतात," त्या म्हणाल्या. "चल, काढ गाडी."