सोफ्याची जागा

डॉक्टरांनी सासूबाईंचा स्कॅन पुन्हा एकदा पाहिला. "हाडं पार ठिसूळ झालीत, मणक्याला फ्रॅक्चरही आहे. पण मणका जागचा हललेला नाही. पाठीचे स्नायू चांगले जाडजूड आहेत, त्यांनीच धरून ठेवलाय. आजी, व्यायाम कोणता करता?"

सासूबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"मी सांगते," सून म्हणाली. "मी रोज सकाळी सोफा खिडकीपाशी लावून ऑफिसला जाते. संध्याकाळी येऊन बघते, तर स्वारी परत भिंतीला. विचारलं की म्हणतात, मला काय ठाऊक."

"भिंतीलाच शोभतो तो," सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टरांनी हसू दाबलं आणि सक्तीची विश्रांती लिहून दिली.

विश्रांती संपेपर्यंत सोफा भिंतीलाच राहिला. सुनेने त्याला हातही लावला नाही.

मग डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी ऑफिसला निघताना सुनेने कोपऱ्यातलं छोटं स्टूल उचललं आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

"सध्या एवढ्यावरच भांडू," ती चपला घालत म्हणाली. "सोफ्याचं नंतर बघू."