देठाखालची वाटी

ओल्या कचऱ्याच्या बादलीतून लेकीने मश्रूमचा तो देठ उचलला, नळाखाली धुतला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. देठाच्या बुडाशी फाटक्या पापुद्र्याची पांढरी वाटी होती. ती घरात वाढवायची त्या मश्रूमला असली वाटी कधीच नसते.

"बाबा, ही अळंबी कुठली?"

"तुझीच की." बाबांनी पेपरातून मान वर काढली नाही. "तुझ्या जुन्या पिशव्या मी झाडाखाली ओततो ना, त्या ढिगावर उगवली होती. मस्त, पांढरीशुभ्र. दुकानातली संपली होती. म्हटलं, आईच्या रोजच्या बशीचा खाडा नको."

मश्रूमवर संशोधन करणारी ही पोर मागच्या खोलीत प्रयोगासाठी मश्रूम उगवायच्या भुशाच्या पिशव्या टांगून ठेवायची. एखादी पिशवी थकली की बाबा ती मागच्या अंगणात रिकामी करत, आणि त्या ढिगावर कधीमधी आणखी एक पीक येई. पण त्याच मातीत, त्याच झाडाच्या मुळाशी, रानातलं काहीही उगवू शकतं, हे बाबांना सांगायचं तिला सुचलंच नव्हतं.

"शिजवलीत?"

"सकाळी. लोण्यात परतली."

"तुम्ही खाल्लीत?"

"मी? मला तो वास तरी सहन होतो का? आईला दिली बशीभर."

बुडाशी असली वाटी असते ती विषारी अळंबीला. हे विष लगेच बोलत नाही. माणूस दिवसभर हसतंखेळतं असतं, आणि उलट्या सुरू होतात तोवर आत यकृताची वाट लागायला सुरुवात झालेली असते. आता संध्याकाळ होती. आई खिडकीशी बसून रुमालांच्या घड्या घालत होती. चांगली ठणठणीत. त्या ठणठणीतपणाला काडीचा अर्थ नाही, हे घरात एकट्या लेकीला माहीत होतं.

"आई, सकाळी मश्रूम खाल्लंस तू?"

"खाल्लं ना."

"सगळं?"

"हो."

"की टाकून दिलंस?"

"टाकलं असेल, बाई." आई गोड हसली आणि पुढचा रुमाल घेतला.

लेक बाबांकडे वळली. "तुम्ही समोर होतात ना?"

"होतो. मध्येच दारावर कुरिअरवाला आला." बाबांचा पेपर आता खाली पडला होता. "परत आलो तर बशी लख्ख. मला वाटलं, खाल्लं. झालंय तरी काय?"

तिने सांगितलं. बाबा उठले, पुन्हा बसले.

तिने दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा डॉक्टर एका दमात बोलला. लगेच घेऊन या, गाडी पाठवतो, देठ सोबत आणा, आणि नेमकं किती खाल्लं ते पेशंटला विचारून ठेवा. विचारून ठेवा म्हणे!

"पण तूच म्हणाली होतीस," बाबांचा आवाज चिरकला. "मश्रूममध्ये ते एर्गोथायोनीन असतं. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळतं. आणि ज्यांची आठवण जाते त्यांच्या रक्तात ते कमी सापडतं." एवढं अवघड नाव त्यांनी तोंडपाठ केलं होतं.

"कमी सापडतं, एवढंच मी म्हणाले! खाल्लं की आठवण परत येते, असं कधी म्हणाले मी? ते अजून कुणालाच ठाऊक नाही, बाबा!"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. जेवताना ती ते वाक्य किती उत्साहाने बोलली होती! दुसऱ्याच दिवशी दुकानातून मश्रूमचा पहिला डबाही तिनेच आणला होता. बाबांनी फक्त तिची आशा रोज सकाळी गॅसवर ठेवली.

"आईचे दोन कपडे कपाटातून काढा," ती म्हणाली. "कदाचित दवाखान्यात राहावं लागेल."

कपडे भरायला तिने आपली कामाची पिशवी पलंगावर उपडी केली. चार्जर, कंगवा, कागद. आणि त्यावर धपकन एक पुरचुंडी पडली. आईचा रुमाल, गाठ मारलेला. आत स्टीलची छोटी डबी होती. ही तिने भरलेली नव्हती. पिशवी दिवसभर प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होती आणि ती जेवली होती कँटीनमध्ये.

तिने झाकण उघडलं. परतलेले काप, वर गोठलेलं लोणी. डबी काठोकाठ भरलेली.

आईचे हात थांबले.

"हे काय? डबा तसाच परत?"

आवाज खणखणीत होता. शाळेतून डबा भरलेला परत आला की लागायचा तोच. लेकीला दोन वर्षांत तो ऐकू आला नव्हता.

"आई, नीट आठव. तू यातलं काही खाल्लंस?"

"मी कशाला खाऊ? हे रोज सांगतात, याने डोकं शाबूत राहतं. माझं जायचं ते गेलं गं. तुझं तरी राहू दे."

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. बाहेर दवाखान्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. जायचं तर होतंच. आईच्या 'हो'वर भरवसा नव्हता, तर 'नाही'वर कसा ठेवायचा?

"चल आई, डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"आधी खा. माझ्यासमोर."

आईने डबीतला एक काप दोन बोटांत धरला आणि लेकीच्या ओठांशी नेला.

"आ कर."

लेकीने ओठ घट्ट मिटले आणि आईचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

"अस्सं," आई म्हणाली. "लहानपणीही अशीच तोंड मिटून बसायचीस."