पाठमोरा फोटो

वर्षभर उंबरे झिजवून इंजिनियर विजयकुमारने तरुणांच्या व्यायामवर्गासाठी एका कंपनीचं अनुदान मिळवलं. पण वर्ग चालू असल्याचा फोटो त्यांना जुलैतच हवा होता. जुलैच्या सुट्टीत कुवेतमध्ये मुलं कुठली? सगळी भारतात गेलेली. त्याची बायकोही दोन्ही लेकरांना घेऊन पुण्याला गेलेली. शेवटी त्याने जलीबच्या कामगारवस्तीतल्या खोल्यांमधून चार कामगार आणले. उन्हाने रापलेले चेहरे थोराड दिसत होते, म्हणून चौघांना पाठमोरं उभं केलं. फोटो निघाला, तरी ते जोर काढतच राहिले. रिकाम्या घरी जायची विजयकुमारलाही घाई नव्हती.

निघताना त्यांच्यातल्या जहीरने विचारलं, "साहेब, पुढच्या शुक्रवारी येऊ?"

"अरे, हा वर्ग तरुण मुलांसाठी आहे."

"हां," जहीर चपला घालत म्हणाला. "मला एकविसावं लागलंय, म्हणून विचारलं."