साफ प्लेट

कर्नल दौलतसिंहांनी एक्स-रेची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर टाकून दिली. "प्लेट तो साफ़ है, डॉक्टर."

डॉ. सबनीसांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. प्लेट साफच असणार, हे तर ते सकाळपासून कंठशोष करून सांगत होते. ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या इस्पितळात ते कित्येक वर्षं अशाच पोटांच्या मागे लागले होते. आत जखम नाही, गाठ नाही, आणि माणूस मात्र कळांनी गडाबडा लोळतोय. बरोबरीचे डॉक्टर या संशोधनाला हसत. आता लष्करही हसणार होतं.

"सर, आँत में घाव नहीं है. उसकी चाल बिगड़ी है, और चाल फोटो में नहीं आती. दर्द सच्चा है."

"या फिर ग्वालियर छोड़ने का जी नहीं करता?" कर्नल म्हणाले. शेजारचे दोन अधिकारी लगेच हसले.

टेबलासमोर हवालदार संभाजीराव ताठ उभे होते. संस्थान विलीन झालं, त्यांची पलटण मोडली आणि आता एकेकाला तपासून नव्या फौजेत घेणं चाललं होतं. पोटाचं दुखणं खरं ठरलं तर संभाजीराव पेन्शनीवर घरी जाणार. ढोंग ठरलं तर कामचुकार म्हणून नाव कापलं जाणार, आणि बापआज्यापासूनच्या चाकरीवर बोळा फिरणार. पलटण मोडल्याचा हुकूम ऐकला त्या दिवसापासून या माणसाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आत येण्याआधी ते बाहेरच्या बाकावर पोट धरून दुमडून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, विचारतील तेव्हा सगळं सांगा, काही लपवू नका.

"चलो, इसी से पूछते हैं." कर्नलांनी आवाज चढवला. "हवलदार! कोई तकलीफ़?"

खाडकन टाचा जुळल्या. छाती पुढे आली.

"नहीं हुज़ूर."

कामचुकार म्हणून शेरा मारायला मग कितीसा वेळ लागतो?

बाहेर आल्यावर डॉक्टरांचा तोल सुटला. "काय केलंत हे? तुमचं दुखणं खरं आहे म्हणून मी जगाशी भांडतोय, आणि तुम्हीच मला तोंडघशी पाडलंत. जीभ काय गहाण टाकली होती?" खरं तर संताप आतल्या तिघांवर होता, हे त्यांना कळत होतं. पण ते दार बंद होतं आणि संभाजीराव समोर होते.

संभाजीराव बाकावर टेकले. दोन्ही हात पोटावर, कपाळावर घाम.

"चूक झाली, डॉक्टरसाब. पर हाकिमानं पुसलं की दुसरा जवाब निघतच नाही. भर्ती झालो तेव्हापासून तोच शिकवलाय."

"मग मरा त्या जवाबापायी!"

दार उघडलं. संभाजीराव होते तसे उठून ताठ उभे राहिले. कर्नलांनी सिगरेट पेटवली आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपका ये पेटवाला शौक चलता रहे डॉक्टर साहब, हमें कोई एतराज़ नहीं. हमसे कोई शिकायत तो नहीं?"

शौक! डॉक्टरांच्या तोंडाशी सगळं आलं होतं. आतल्या हसण्याबद्दल, त्या प्लेटीबद्दल, या माणसाच्या मोडलेल्या पलटणीबद्दल.

"नहीं, सर," ते म्हणाले.

बूट वाजत जिन्याकडे गेले. डॉक्टरांचा हात आपोआप कोटाच्या आत गेला. बेंबीच्या वर काहीतरी पिळवटून येत होतं.

संभाजीरावांनी ते पाहिलं. ते बाकावर बसले आणि जरा सरकून त्यांनी डॉक्टरांना जागा करून दिली.